शेवटच्या दालनातलं दूध

"अहो बाई, प्रॅक्टिकलची मुलं आत कुठनं जातात?" गाडीची काच खाली करून एका माणसाने विचारलं, आणि नोओरा पुलीदोने हात लांबवून फाटक दाखवलं. घडलं एवढंच. बोगोताच्या पश्चिमेच्या त्या सपाट मुलखात सकाळी धुकं इतकं खाली बसतं की समोरचा माणूस आधी आवाजाने कळतो आणि मग चेहऱ्याने, पण नोओराला तो आवाजानेही कळला नाही आणि चेहऱ्यानेही. कळला तो सिगरेट धरण्याच्या पद्धतीने. पेटतं टोक तळहाताच्या आत वळवून, चार बोटांच्या आडोशाला, मास्तर येतील म्हणून लपवल्यासारखी. आता त्याला कुणाच्या बापाची भीती नव्हती, गाडी लांबलचक होती, कानांवरचे केस पिकले होते, तरी सिगरेट तशीच. त्याच हाताने त्याने शेजारी बसलेल्या मुलीचे दोन्ही हात धरले, चोळून चोळून ऊब दिली, म्हणाला, "बर्फ झालेत की गं तुझे! जा, पळ." मुलगी उतरली. गाडी वळली. एर्नान सालसेदोने नोओराला ओळखलं नव्हतं. झाडलोट करणाऱ्या बाईला विचारावं तसं विचारून तो निघून गेला, आणि तिने मुकाट्याने फाटक दाखवलं, याचीच तिला पुढे कितीतरी वेळ जास्त चीड येत राहिली. जन्मभर ज्याला मनातल्या मनात जाब विचारला, तो समोर आला तेव्हा तोंडून शब्द फुटला नाही, नुसता हात वर झाला.

आत येऊन तिने रोजचं काम केलं. दुधाची भुकटी पाण्यात कालवली आणि एकेका दालनाच्या दाराशी एकेक तसराळं भरून ठेवलं. टोमॅटोच्या हरितगृहात शिरायचं तर आधी हात दुधात बुडवायचे आणि न पुसता तसेच वाळू द्यायचे, ही इथली जुनी शिस्त. तंबाखूत एक रोग दडलेला असतो. माणसाला त्याचं काही होत नाही, पण सिगरेट ओढलेल्या बोटांनी टोमॅटोचा फुटवा खुडला की तो झाडात शिरतो, पानांवर फिकट-गडद ठिपक्यांची गोधडी उमटते, आणि खुडणारा पुढच्या झाडाला हात लावतो, मग त्याच्या पुढच्या. दुधाने तो रोग मरतो म्हणा, झाकला जातो म्हणा, बोटांवर राहत नाही. नवी मुलं पहिल्या दिवशी हसतात. ही मुलंही हसली. येइसन नावाचा एक वात्रट पोरगा तसराळ्यात कोपरापर्यंत हात घालून मास्तरीणबाईंना म्हणाला, "प्रोफे, आता नुसती साखर टाका, मी इथंच बसतो." सगळे खिदळले. नोओरा एकेकाचं नाव विचारत गेली. "मानुएला सालसेदो," ती मुलगी म्हणाली, आणि स्वच्छ, मोकळं हसली. बापाची हनुवटी होती तिला. "शेवटचं दालन तुझं," नोओरा म्हणाली. शेवटच्या दालनाला दार वेगळं, तसराळं वेगळं, मधे जाड पडदा. आपण असं का म्हटलं ते तिचं तिलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं, असं ती पुढे स्वतःला सांगायची. पण कळलं होतं.

कारण तीही अशीच, याच वयाची, दुसऱ्या एका कृषी शाळेच्या हरितगृहात उभी होती. बोसासारख्या धुळकट वस्तीतून दोन बस बदलून यायची. वर्गात पहिली यायची, आणि वर्षाअखेरीस साहाय्यकाची एक जागा निघणार होती ती तिचीच, असं मास्तरांनी स्वतः सांगितलं होतं. मग एका सकाळी पानांवर गोधडी उमटली. आधी एका ओळीत, मग बघता बघता सगळीकडे. झाडं उपटली, ढीग केला, जाळला. ओल्या टोमॅटोच्या झाडांचा धूर कसा असतो ते ज्याने हुंगलं त्यालाच माहीत, हिरवा, कडवट, कपड्यांतून आठवडाभर जात नाही. कुणाचे हात, म्हणून चौकशी झाली तेव्हा वर्गात सिगरेट ओढणारा एकच होता, एर्नान, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण एर्नान पुढे झाला आणि खाली मान घालून, नाइलाजाने सांगावं लागतंय अशा चेहऱ्याने म्हणाला की आपण हात रोज धुतो, पण तसराळ्यात दूधच नसलं तर काय करणार. कोठीत नोओराला भुकटी पिशवीत भरताना आपण पाहिलं आहे. गरीब आहे बिचारी, घरी लहान भावंडं आहेत, म्हणून बोललो नाही. त्या 'बिचारी'ने सगळं काम केलं. चोर म्हटला असता तर कुणी पुरावा मागितला असता. "मी कणभरसुद्धा घेतलं नाही, सर. हात रोज धुतले मी, सर," एवढंच ती म्हणत राहिली, आणि मास्तरांनी दयेने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यातून गेली तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्याऊ." मग जेवणघरात. मग फळ्यावर मिशा काढल्या. "मांजरे, मिशी पूस गं!" तिने शाळा सोडली, तिला कुणी काढलं नाही, पण म्हणायचं एवढंच. साहाय्यकाची जागा एर्नानला मिळाली आणि दोन-तीन वर्षांत कंटाळून त्याने ती टाकूनही दिली, पाण्याच्या नळ्या विकायच्या धंद्यात पडला. टाकूनच द्यायची होती, तर घेतली कशाला? आणि या सगळ्याहून खोल रुतलेलं काही असेल तर ते आईचं बोलणं. त्या संध्याकाळी तिने रडत रडत आईला सगळं सांगितलं. आई दुसऱ्यांचे कपडे घासत होती. तिने ऐकून घेतलं, हात थांबवले, आणि कुणी ऐकत नाही ना हे पाहून हलक्या आवाजात विचारलं, "मग ठेवलंस कुठं ते दूध? पोरांना घोटभर तरी द्यायचंस, पोरी."

आई आता नाही. भावंडं आपापल्या संसारात आहेत. नोओरा गुलाबांच्या मळ्यांत राबली, संध्याकाळच्या वर्गांना बसून पुन्हा शिकली, आणि उशिरा का होईना हरितगृहाची प्रोफे झाली. फोंतिबोनला एका खोलीत एकटी राहते. सकाळी कोपऱ्यावरची बाई दुधाचं गरम सूप करते, वर अंडं आणि कोथिंबीर, सगळं बोगोता ते ओरपून कामाला जातं. नोओरा मात्र समोर उभी राहून काळी कॉफी पिते. "दूध पचत नाही," म्हणते. खोटं नाही ते.

पहिल्या आठवड्यात तिने काहीच केलं नाही. नुसती पाहत राहिली. रोज सकाळी गाडी येई, तो मुलीचे हात चोळी, "काय बाई, शुभ सकाळ," म्हणून नोओराकडे बोटं हलवी. फाटकावरची बाई समजून. मुलगी धावत येई, हात बुडवी, शेवटच्या दालनात जाई आणि मन लावून काम करी, हे कबूल करायला हवं. वरच्या तारेवरून सोडलेल्या दोरीला खोड गुंडाळताना तिचा हात हलका होता. फुटवा नखाने न तोडता बाजूला वाकवून मोडायचा, हे तिला एकदाच सांगावं लागलं. असं शिकणारी मुलगी दुसऱ्या कुणाची असती तर नोओराने तिला डोक्यावर घेतलं असतं. ते जमेना म्हणून तिला आणखी राग यायचा. आपल्या वाटणीचं कौतुकसुद्धा हा माणूस चोरून नेतो आहे, असं काहीतरी तिच्या मनात यायचं आणि मग ती उगाचच येइसनवर खेकसायची.

कॉफीच्या सुट्टीत मुलं खोक्यांवर बसली होती. दुधाची चेष्टा चालली होती. मानुएला म्हणाली, "आमच्या घरी तर याची गोष्टच आहे. पापा दर नाताळात सांगतात. त्यांच्या वेळी एक मुलगी होती, मांजर म्हणायचे तिला. तसराळ्यातलं दूध घरी न्यायची!"

"प्यायची?" येइसन.

"भुकटी न्यायची रे. आणि पापा चोरून सिगरेट ओढायचे आणि हात कधीच धुवायचे नाहीत. दुधाचा आंबूस वास येतो, पोरी पळून जातात, म्हणायचे. मग आली ना साथ! सगळं जाळलं. पापांची तर तंतरली. पण मग मांजर सापडली, आणि बोका सुटला. असं म्हणतात ते. आणि शेवटी असं मिशीवरून हात फिरवून म्हणतात," तिने बापाची नक्कल केली, "म्याऊ!"

सगळे फुटले. येइसन खोक्यावरून घसरला. नोओराने कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं तिने मनाच्या एका कोपऱ्यात त्याला एक सवलत दिली होती. घाबरला असेल, आपल्याच हातांनी झालं हे त्यालाही कळलं नसेल, कोठीच्या अंधारात खरंच काहीतरी पाहिल्यासारखं वाटलं असेल. ती सवलत आता संपली. त्याला माहीत होतं, आणि तो ते भाजलेल्या डुकराच्या ताटासमोर बसून, दर वर्षी, हशा पिकवत सांगत होता. आणि चोरी तर त्याने इतक्यांदा सांगितली होती की ती आता खरीच झाली होती. त्याच्या मुलीच्या डोक्यात, उद्या तिच्या मुलांच्या डोक्यात, नोओरा पुलीदो या नावाचा मागमूस नव्हता, एक मिशीवाली मांजर होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते तिने पहिल्यांदा अंगावर अनुभवलं, आणि गंमत म्हणजे मस्तकात गेल्यावर ती आग थंड झाली. "चला, उठा, कामं पडलीत," ती अगदी शांतपणे म्हणाली. "नाताळ अजून लांब आहे."

हरितगृहात चुना असतोच. ऊन वाढलं की सावलीसाठी छपराच्या प्लास्टिकवर वरून पातळ चुना फासतात. दुसऱ्या सकाळी तिने बाकीच्या सगळ्या तसराळ्यांत दूध घातलं आणि शेवटच्यात दुधाऐवजी नुसत्या पाण्यात चिमूट-दोन चिमूट चुना कालवला. पाणी छान पांढरं झालं. बघून कुणी म्हणालं नसतं. पुढचा सगळा हिशेब तिने आदल्या संध्याकाळी बसमध्ये उभ्या उभ्या केला होता. बाप रोज सिगरेटच्या हाताने पोरीचे हात चोळणार. पोर चुन्यात हात बुडवणार आणि फुटवे मोडत ओळीतून ओळीत जाणार. आठ-दहा दिवसांत गोधडी. पडदा जाड आहे, रोग बाकीच्या दालनांत जाणार नाही. झाडं नोओराने स्वतः बियांपासून वाढवली होती, जातील तर जातील. मग सगळ्यांसमोर ती विचारील, हात धुतले होतेस? आणि मुलगी म्हणेल, रोज धुतले, प्रोफे. तेच शब्द. तेवढे शब्द तिला ऐकायचे होते. वर्ष वाया जाईल, नाव खराब होईल, पोरं 'म्याऊ' म्हणतील नाहीतर आणखी काही शोधतील, पोरांना काय. आणि मग बाप येईल, कारण असले बाप येतातच, प्रोफेला भेटायचंय म्हणेल, आणि तेव्हा ती नाव सांगेल. पोरीचा काय दोष, असं मनात आलं की ती आपल्याला तेव्हा कुणी हे विचारलं होतं का, असं स्वतःला विचारायची आणि उत्तर तयारच असायचं.

मग वाट पाहणं सुरू झालं. डोळ्यांत तेल घालून ती शेवटच्या दालनातली पानं पाहायची. मुलं यायच्या आधी, मुलं गेल्यावर. शेंड्याचं कोवळं पान उलटं करून उजेडाला धरायची. इतकी वर्षं ही पानं तिने रोग नसावा म्हणून पाहिली होती, आता असावा म्हणून पाहत होती, आणि हाताला फरक कळत नव्हता. बोटं तशीच, पानाखाली जपून जाणारी. एकदा एका पानावर फिकट डाग दिसला, तिने तो बोटाने पुसून पाहिला. पाण्याचा थेंब होता. आठ दिवस गेले, दहा गेले. झाडं तरारली. शेवटच्या दालनासारखी झाडं सबंध हरितगृहात नव्हती. येइसनच्या ओळीत पिवळेपणा होता, मानुएलाची झाडं गडद हिरवी, घोस धरलेली, तारेला भिडायला आलेली. नोओराला वाटायला लागलं की देवसुद्धा या माणसाच्या बाजूचा आहे. आईचीसुद्धा आठवण व्हायला लागली, भलत्याच वेळी, चुना कालवताना. चुना संपत आला की ती नवा काढायची. तिच्या नखांत तो बसला होता, आणि संध्याकाळी खोलीत ती ब्रशाने नखं घासत बसायची.

एका दुपारी बाकीची मुलं जेवायला गेली तेव्हा मानुएला मागे राहिली. दारातच घोटाळली.

"प्रोफे, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"माझ्या तसराळ्यात दूध नसतं."

नोओराच्या हातात दोरीची गुंडी होती. ती तिने गुंडाळायला घेतली.

"चुना असतो तो. दूध वाळलं की बोटं चिकट होतात. हे वाळलं की पांढरी पूड राहते. आणि हे बघा." मुलीने हात पुढे केले. बोटांची टोकं कोरडी पडून भेगाळली होती. "पहिल्याच दिवशी कळलं मला. मग मी घरून बाटलीतून दूध आणायला लागले. कुणाला कळू नये म्हणून दारात चुन्यातच हात बुडवते, आणि आत गेल्यावर वरून आपलं दूध ओतते. पापांच्या हाताला केवढा वास असतो माहितीये, दूध नसेल तर झाडं मरतील ना."

"मग सांगितलं का नाहीस?" आपला आवाज नेहमीसारखा कसा काय येतो आहे, हे नोओराला कळेना.

मुलगी म्हणाली, "ती गोष्ट मी सांगितली ना त्या दिवशी, मांजरीची, तेव्हा तुम्ही एकट्याच हसला नव्हतात. रात्रभर मला कसंतरी होत होतं. आईसुद्धा कधी हसत नाही त्या गोष्टीला. म्हणते, त्या मुलीच्या घरी खरंच दूध नसलं तर? आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या तसराळ्यात चुना. मी म्हटलं, प्रोफेंना लागत असेल. घरी कुणी लहान असेल. माझं दालन सगळ्यांत शेवटी, कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून तिथलं घेतलं असेल." ती घाईघाईने बोलली, "मी कुणाला सांगितलं नाही हं. पापांना तर नाहीच. आणि हे तुमच्यासाठी आणलंय. आता तसराळ्यातलं नका घेऊ, प्रोफे, मी आणत जाईन." तिने पिशवीतून दुधाच्या भुकटीचा मोठा पुडा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

बाहेर छपराचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. नोओराला दोनच वाटा होत्या आणि दोन्ही तिने स्वतःच खणल्या होत्या. नाही म्हणावं, तर चुना कशाला, हे सांगावं लागणार होतं. तुझ्या झाडांना रोग व्हावा म्हणून, तू सगळ्यांसमोर उभी राहावीस म्हणून. हो म्हणावं, तर न केलेली चोरी आपल्याच तोंडाने कबूल करायची. ती त्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहत राहिली. कणभरसुद्धा घेतलं नाही, हे वाक्य तिने इतकी वर्षं जपलं होतं, खोलीचं भाडं थकलं तेव्हा, गुलाबाच्या काट्यांनी हात सोललेले तेव्हा. माझ्याकडे काही नाही, पण मी घेतलं नाही एवढं आहे, असं म्हणायची.

"हो," ती म्हणाली. "भाची आहे माझ्याकडे. लहान आहे."

"वाटलंच मला," मानुएला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने नोओराचा हात धरला आणि दाबला. "लाज हसणाऱ्याला वाटायला पाहिजे, प्रोफे. घेणाऱ्याला कसली?"

संध्याकाळी नोओरा फाटकाकडे निघाली तेव्हा पुडा पिशवीत मावेना म्हणून काखेत होता. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. गाडी उभी होती, काच खाली होती, मानुएला आत बसून पट्टा लावत होती, आणि एर्नानच्या हाताच्या आडोशाला सिगरेट होती. "शुभ संध्या, बाई," तो सवयीने म्हणाला आणि त्याची नजर तिच्या काखेतल्या पुड्यावर गेली. पुड्यावरून तिच्या चेहऱ्यावर आली. पुन्हा पुड्यावर गेली. ज्याने तिला रोज पाहून ओळखलं नव्हतं त्याने आता ओळखलं, कारण दूध घेऊन घरी निघालेली जी मुलगी त्याने कधीच पाहिली नव्हती पण इतकी वर्षं सांगत आला होता, तीच आता समोरून चालत येत होती. सिगरेटची राख त्याच्या मांडीवर पडली. नोओराने पुडा लपवला नाही. ती खिडकीशी थांबली, वाकली, त्याला बघता येईल इतका वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूच, पण मुलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्याऊ."

मानुएला आधी हसली. गोष्टीतला शब्द ऐकून माणूस हसतो तशी. मग तिने बापाचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू तोंडावरच थांबलं. "पापा?" ती म्हणाली. काच वर करायचं बटण तो शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. मुलगी नोओराकडे वळली, काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात काहीतरी तिच्या ध्यानात आलं. सगळ्या दालनांत दूध, आणि चुना फक्त तिच्या, सालसेदोच्या मुलीच्या दालनात. तिने मांडीवरचे आपले हात उलटे केले आणि भेगाळलेल्या बोटांकडे बघत राहिली. त्यानंतर तिने बापाकडे पाहिलं नाही, आणि नोओराकडेही पाहिलं नाही. गाडी गेली. दुधाचा पुडा काखेत धरून नोओरा फाटकाशी उभी राहिली.